आंतोनियो दे तोरेस

आंतोनियो दे तोरेस हुरादो (१३ जून, १८१७ – १९ नोव्हेंबर, १८९२) हे स्पेनमधील गिटारनिर्माते होते. आज शास्त्रीय गिटार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाद्याचा आकार, तारांची लांबी आणि आतील रचना मुख्यतः त्यांच्या कामातून स्थिर झाली. १८६२ मध्ये त्यांनी एक वेगळीच गिटार तयार केली. तिची पुढची फळी लाकडाची होती, पाठ आणि बाजू मात्र कागदाच्या लगद्याच्या होत्या. गिटारच्या आवाजात पाठीच्या लाकडाचा वाटा किती, रोझवूडची गिटार महोगनीच्या गिटारपेक्षा खरोखर वेगळी वाजते का, या अजूनही न मिटलेल्या वादात तोरेस यांच्या या गिटारचा दाखला वारंवार दिला जातो.

सुरुवातीचे जीवन

तोरेस यांचा जन्म दक्षिण स्पेनच्या आंदालुसिया प्रांतात, आल्मेरिया शहराजवळील ला कान्यादा दे सान उर्बानो या वस्तीत झाला. वडील हुआन तोरेस हे करवसुलीच्या कामात होते. वयाच्या बाराव्या वर्षी आंतोनियो सुतारकाम शिकू लागले. त्यांच्या हातात आलेली पहिली विद्या वाद्यनिर्मितीची नव्हती, सुताराची होती. लाकूड तासणे, वाकवणे, सांधणे हे त्यांनी दारे-खिडक्या आणि घरगुती सामानावर शिकून घेतले.

१८३३ मध्ये राजा सातवा फर्नांदो मरण पावला आणि गादीच्या वारशावरून स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. तरुणांची सक्तीने सैन्यभरती सुरू झाली. त्या भरतीत तोरेस यांचेही नाव आले, परंतु वडिलांनी खटपट करून त्यांना वैद्यकीय कारणावरून सोडवून आणले. भरतीत अविवाहित पुरुष आधी ओढले जात, म्हणून १८३५ मध्ये घाईने त्यांचे लग्न लावण्यात आले. वधू हुआना मारिया लोपेस ही एका दुकानदाराची अवघी तेरा वर्षांची मुलगी होती. या दांपत्याला तीन मुले झाली आणि त्यांतील धाकटी दोन दगावली. १८४५ मध्ये हुआनाही क्षयाने वारल्या. तेव्हा त्यांचे वय २३ वर्षांचे होते. हा सारा काळ कर्जात गेला आणि जास्त मिळकतीच्या शोधात तोरेस यांना सतत नवे काम पाहावे लागले. त्यांच्या घडणीची ही वर्षे वाद्यांपेक्षा देण्याघेण्याच्या विवंचनेतच अधिक गेली.

सेव्हियातील काळ

तोरेस गिटार बनवायला कोणाकडे शिकले, याबाबत अभ्यासकांमध्ये एकमत नाही. ग्रानादा येथील कारागीर होसे पेर्नास यांच्याकडे १८४२ च्या सुमारास त्यांनी काही काळ काम केले असावे, असे मानले जाते. पुढे ते सेव्हिया शहरात स्थायिक झाले. गिटारनिर्मात्यांची दुकाने असलेल्या सेराखेरिया या रस्त्यावर मानुएल सोतो इ सोलारेस या कारागिरासोबत त्यांनी जागा वाटून घेतली. १८४० च्या दशकात त्यांनी काही गिटारी केल्या होत्या. पूर्णवेळ गिटारनिर्माता होण्याचा निर्णय मात्र १८५० च्या दशकातला आहे. त्यासाठी त्यांना उद्युक्त केले ते प्रसिद्ध वादक व रचनाकार हुलिआन आर्कास यांनी. आर्कास स्वतः आल्मेरिया परिसरातीलच होते. मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असे वाद्य त्यांना हवे होते. तेव्हाची गिटार लहान अंगाची आणि बेताच्या आवाजाची होती.

१८५६ मध्ये तयार झालेली ‘ला लेओना’, म्हणजे ‘सिंहीण’, ही गिटार या सहकार्याचे फळ होय. आर्कास यांनी ती मैफलींत वाजवली. तिच्या नादछिद्राला आतून ‘तोर्नाव्होस’ नावाची धातूची नळी जोडलेली आहे. या क्लृप्तीने वाद्याच्या पोटातील हवेचा नाद खाली उतरतो. विशेष म्हणजे तोरेस यांचे नाव करणाऱ्या या गिटारची पाठ आणि बाजू सायप्रसच्या, म्हणजे आंदालुसियात स्वस्तात मिळणाऱ्या हलक्या लाकडाच्या आहेत. ब्राझीलहून आयात होणारे महागडे रोझवूड तेव्हाही प्रतिष्ठेचे होते आणि श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी तोरेस ते वापरतही. तरी ‘सिंहीण’ गरजली ती साध्या लाकडातून.

१८५८ मध्ये सेव्हिया येथील प्रदर्शनात मेपल लाकडाच्या पाठीच्या एका सुशोभित गिटारीसाठी त्यांना कांस्यपदक मिळाले.

गिटारची रचना

तोरेस यांनी जवळजवळ कोणतीही गोष्ट शून्यातून शोधली नाही. पुढच्या फळीखाली पंख्यासारख्या पसरणाऱ्या पट्ट्या चिकटवण्याची पद्धत अठराव्या शतकातच सेव्हियाचे फ्रान्सिस्को सांगीनो आणि नंतर कादिसचे पाहेस व बेनेदिद यांच्या वाद्यांत दिसते. ६५० मिलिमीटर तारलांबीही आधी अधूनमधून आढळते. तोरेस यांचे श्रेय आहे ते या विखुरलेल्या गोष्टींचा मेळ बसवण्याचे. त्यांनी वाद्याचे अंग, विशेषतः खालचा घेर, मोठा केला. फळी पातळ केली. पट्ट्यांची संख्या बहुधा सात ठेवली आणि त्यांची मांडणी वाढलेल्या घेराशी जुळवली. फळीला किंचित घुमटासारखा फुगवटा दिला, त्यामुळे पातळ असूनही ती तारांचा ताण सोसू शकली.

महाराष्ट्रातील वाचकाला ही गोष्ट सतार-तंबोऱ्यावरून सहज समजेल. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी फळीला तबली म्हणतात. तार घोडीला हलवते, घोडी तबलीला हलवते आणि तबली हवेला. गिटारमध्येही हाच क्रम आहे. ताणलेली तार स्वतः फारशी हवा हलवू शकत नाही. तिचे कंपन घोडीतून पुढच्या रुंद, हलक्या फळीत उतरते आणि ऐकू येणाऱ्या आवाजाचा मोठा भाग तेथून बाहेर पडतो. फळी जड असेल तर तारेची शक्ती तिला हलवण्यातच खर्च होते. ती फार पातळ असेल तर नाद पोकळ होतो आणि कालांतराने फळी बसते. या दोहोंमधला नेमका बिंदू प्रत्येक लाकडाच्या तुकड्यात वेगळा असतो आणि तो शोधणे हेच तोरेस यांचे खरे कसब होते. फळीसाठी ते स्प्रूस हे सूचिपर्णी वृक्षाचे हलके पण ताठ लाकूड वापरीत. उत्तम जुळलेल्या दोन फळ्या मिळाल्या नाहीत तर तीन किंवा अधिक तुकडे जोडूनही त्यांनी फळ्या केल्या आहेत. म्हणजे लाकूड दिसायला कसे आहे यापेक्षा ते वागते कसे, याकडे त्यांचे लक्ष होते.

कागदी गिटार

पाठ आणि बाजू यांचे काम काय? हा प्रश्न तोरेस यांनी १८६२ मध्ये प्रत्यक्ष वाद्य बनवून विचारला. त्यांनी पुढची फळी स्प्रूसची, नेहमीच्या पंखापट्ट्यांची आणि नेहमीच्या काळजीने केली. पाठ आणि बाजूंसाठी मात्र कोणतेही लाकूड न घेता कागदाचा लगदा वापरला. ही गिटार आज बार्सिलोना येथील संगीत संग्रहालयात आहे. तोरेस यांच्या वाद्यांच्या सूचीत तिला ‘पहिल्या कालखंडातील १४ वी’ असा क्रमांक आहे.

या प्रयोगाचा अर्थ लावताना दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती झाली आहे. पाठीच्या लाकडाला काहीच महत्त्व नाही, असे तोरेस यांनी सिद्ध केल्याचे काही लेखक सांगतात. तसे म्हणायचे तर कागदाच्या लगद्याचीच आणखी वाद्ये त्यांनी केली असती, पण ते पुन्हा रोझवूड, मेपल आणि सायप्रसकडे वळले. एका वाद्यावरून एवढेच म्हणता येते की फळी उत्तम असेल तर पाठीचे लाकूड अजिबात नसतानाही वाद्य उभे राहते. उलट फळी वाईट असेल तर उत्तम रोझवूडही तिला वाचवू शकत नाही, याचा अनुभव गिटार बनवणाऱ्या कोणालाही येतो. पाठ प्रामुख्याने पोटातील हवेला कोंडून धरणारी भिंत म्हणून काम करते. त्या हवेच्या कंपनात तिचाही थोडा सहभाग असतो. ती जितकी जड आणि ताठ, तितका हा सहभाग कमी. शिवाय वाजवताना पाठ वादकाच्या अंगाला टेकलेली असते, त्यामुळे तिचे उरलेसुरले कंपनही दबते.

तारेगा यांची भेट

१८६८ मध्ये तोरेस यांनी होसेफा मार्तिन रोसादो यांच्याशी दुसरा विवाह केला. पुढच्याच वर्षी सोळा-सतरा वर्षांचे फ्रान्सिस्को तारेगा गिटार विकत घेण्यासाठी सेव्हियाला त्यांच्याकडे आले. तोरेस यांनी प्रथम दुकानातील एक बेताच्या किमतीची गिटार त्यांच्या हाती दिली. मुलाचे वादन ऐकल्यावर मात्र ते आत गेले आणि काही वर्षांपूर्वी स्वतःसाठी करून ठेवलेली १८६४ ची गिटार घेऊन बाहेर आले. तारेगा यांनी ती सुमारे वीस वर्षे वाजवली. पुढे आधुनिक गिटारवादनाचे आद्य गुरू म्हणून तारेगा यांची कीर्ती झाली आणि त्यांच्या शिष्यपरंपरेबरोबर तोरेस यांच्या वाद्याचे मापही युरोपभर गेले. याही गिटारची पाठ रोझवूडची नाही, मेपलची आहे. मेपलच्या पाठीला साधारणपणे स्पष्ट पण कमी रेंगाळणाऱ्या नादाचे समजले जाते. तारेगा यांचे वादन मात्र गोलाई आणि माधुर्यासाठी प्रसिद्ध होते.

आल्मेरियातील उत्तरकाळ

एवढी कीर्ती असूनही गिटारीवर तोरेस यांचे घर चालेना. १८७० च्या सुमारास त्यांनी सेव्हियातील दुकान बंद केले. पत्नीसह ते आल्मेरियाला परतले आणि तेथे चिनीमातीच्या व काचेच्या भांड्यांचे दुकान थाटले. काही वर्षे त्यांनी गिटार बनवलीच नाही. १८७५ च्या सुमारास फावल्या वेळात त्यांनी पुन्हा हत्यारे हाती घेतली. तेव्हापासूनच्या वाद्यांतील चिठ्ठीवर ते ‘दुसरा कालखंड’ असे लिहून अनुक्रमांक घालीत. या सवयीमुळे अभ्यासकांचे काम पुष्कळ सोपे झाले आहे. १८८३ मध्ये होसेफा यांचे निधन झाल्यावर त्यांनी गिटारनिर्मितीला अधिक वेळ दिला आणि अखेरपर्यंत वर्षाला साधारण डझनभर वाद्ये केली. या काळातील गिटारींत अत्यंत साधी, स्वस्त लाकडाची, सजावट नसलेलीही अनेक आहेत. गिऱ्हाईक जे परवडेल ते मागे आणि तोरेस पाठीचे लाकूड व नक्षी त्यानुसार कमीजास्त करीत. फळीच्या कामात मात्र कसूर होत नसे. पाठीचे लाकूड किंमत ठरवी आणि फळी आवाज ठरवी, असा त्यांच्या व्यवहाराचा एकूण कल दिसतो.

हुआन मार्तिनेस सिरव्हेंत या धर्मगुरूंचा उत्तरायुष्यात तोरेस यांच्याशी निकटचा संबंध होता. त्यांनी १९३१ मध्ये लिहिलेल्या पत्रात एक आठवण नोंदवली आहे. आपले रहस्य थडग्यात घेऊन जाऊ नये, पुढच्या कारागिरांसाठी मागे ठेवावे, असा आग्रह एका जेवणाच्या प्रसंगी तोरेस यांना करण्यात आला. ते रहस्य आपल्याबरोबरच जाणार, कारण फळीची जाडी जोखणाऱ्या आपल्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांत ते आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. १९ नोव्हेंबर, १८९२ रोजी आल्मेरिया येथे वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

तोरेस यांनी औपचारिक शिष्यशाखा उभी केली नाही, तरी त्यांची वाद्येच पुढच्या पिढीला नमुना ठरली. माद्रिदमध्ये मानुएल रामिरेस आणि बार्सिलोनात एन्रिके गार्सिया यांनी त्यांचा आराखडा पुढे नेला. रामिरेस यांच्या कार्यशाळेतील १९१२ ची गिटार आंद्रेस सेगोव्हिया यांनी अनेक वर्षे वाजवली. म्युनिकचे हेर्मान हाउझर यांनी १९२० च्या दशकात स्पॅनिश गिटारींचा, त्यांत मिगेल ल्योबेत यांच्याकडील तोरेस गिटारचाही, अभ्यास करून आपली घडण बदलली. तोरेस यांच्या जीवनाचा कागदोपत्री शोध घेण्याचे मोठे काम होसे रोमानियोस या गिटारनिर्मात्याने केले. त्यांचा चरित्रग्रंथ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि वाद्यांची वर उल्लेखिलेली सूचीही त्यांचीच आहे.

रोझवूड आणि महोगनीचा वाद

तोरेस यांच्यानंतर हा प्रश्न अधिक ठळकपणे उभा राहिला तो अमेरिकेतील धातूच्या तारांच्या गिटारीत. तेथील मार्टिन कंपनीच्या दोन जुन्या प्रकारांपैकी ‘२८’ क्रमांकाची पाठ रोझवूडची आहे. ‘१८’ क्रमांकाची पाठही पूर्वी रोझवूडचीच असे. १९१७ च्या सुमारास ती महोगनीची झाली. त्यामुळे जवळपास सारख्या बांध्याची दोन वाद्ये दोन लाकडांत आणि दोन किमतींत शेजारी शेजारी विकली जाऊ लागली आणि तुलना अपरिहार्य झाली.

वादकांच्या बोलण्यात या दोन नादांची वर्णने बरीच ठरलेली आहेत. रोझवूडचा खर्ज खोल, तारस्वर लखलखीत आणि नाद रेंगाळणारा असतो, असे म्हणतात. महोगनीचा आवाज मधल्या स्वरांत भरलेला, सुका व नेमका असतो आणि प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो, म्हणून गायनाच्या साथीला ती बरी, असेही म्हणतात. या वर्णनांना काही भौतिक आधार आहे. वाळलेले रोझवूड घनमीटरला साधारण ८०० किलोग्रॅम किंवा त्याहून जड असते, तर महोगनी साधारण ५५० ते ६०० किलोग्रॅम भरते. रोझवूडच्या फळीवर टिचकी मारली तर ती घंटेसारखी वाजत राहते, कारण तिच्यात कंपनाची शक्ती कमी मुरते. महोगनीत ती लवकर विरते. पण सुटी फळी टिचकीने वाजणे आणि तीच फळी वाद्याची पाठ म्हणून चारी कडांनी चिकटवलेली असणे, या दोन वेगळ्या अवस्था आहेत.

२०१८ मध्ये इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यासाठी रॉजर बकनॉल या निर्मात्याने एकाच आराखड्याच्या सहा गिटारी केल्या. फळ्या शक्य तितक्या सारख्या ठेवल्या आणि फरक फक्त पाठ-बाजूंच्या लाकडात ठेवला. ब्राझिली रोझवूड, भारतीय रोझवूड, महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड अशी ती लाकडे होती. ५२ वादकांनी मंद प्रकाशात, वेल्डिंगचा काळा चश्मा लावून या गिटारी वाजवल्या आणि त्यांना गुण दिले. सर्व गिटारींना जवळपास सारखेच गुण मिळाले. महाग आणि दुर्मीळ लाकूड स्वस्त लाकडापेक्षा सरस ठरले नाही. वाद्ये एकमेकांपासून ओळखणेही वादकांना कठीण गेले. हा प्रयोग धातूच्या तारांच्या, एकाच हातच्या वाद्यांपुरता आहे. दुकानात शेजारी ठेवलेल्या दोन गिटारींत फळी, पट्ट्या आणि कारागीरही वेगळे असतात, म्हणून तेथे ऐकू येणारा फरक खरा असला तरी तो पाठीच्या खात्यावर टाकणे धोक्याचे ठरते.

तरीही रोझवूडची मागणी कमी झाली नाही. ब्राझिली ओंडक्यांचा पुरवठा आटल्यावर मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये आपल्या नेहमीच्या गिटारींसाठी भारतीय रोझवूड वापरण्यास सुरुवात केली. हे लाकूड म्हणजे सह्याद्रीच्या जंगलांतील शिसव होय. महाराष्ट्र आणि गोव्यातील जुन्या घरांतले काळसर, कोरीव फर्निचर याच झाडाचे असते. गिटारीसाठी जाणारा माल मुख्यतः दक्षिण भारतातून येतो. १९९२ मध्ये ब्राझिली रोझवूडच्या व्यापारावर ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराने सर्वांत कडक निर्बंध घातले. २ जानेवारी, २०१७ पासून शिसवासह त्या संपूर्ण प्रजातीचा व्यापार परवान्याच्या कक्षेत आला. वाद्यनिर्माते आणि वादकांच्या तक्रारींनंतर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट देण्यात आली. ब्राझिली रोझवूडला ही सूट लागू नाही.